रिकाम्या गाडीचं वजन

६ फेब्रुवारी
घरगाडी, स्वयंपाकघरातून (दिवाणखानाही हाच)

दादा,

नमस्कार मनातल्या मनात केला आहे. खरोखर वाकले तर डोकं शेगडीवर आपटतं.

फोन लागत नाही म्हणून वहिनी काळजीत असेल. तिला सांग, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. फोन यांनी बंद ठेवलाय. गाडीत फोन चार्जिंगला लावला की इंजिनावर भार येतो आणि डिझेल जास्त जातं, असं यांचं मत आहे. रविवारी सकाळी दहा मिनिटं लेकीसाठी चालू होतो, तोही स्पीकरवर, म्हणजे एका बोलण्यात दोघांचं भागतं. एकतीस वर्षं वजनकाट्यावर बसून ट्रक मोजणाऱ्या माणसाशी संसार केला. मला वाटलं होतं, निवृत्त झाला की मोजायचा थांबेल. आता मोजायला ट्रक नाहीत, म्हणून मी आहे आणि माझे चमचे आहेत.

तर झालंय असं. घरगाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं, लिटरला दहा किलोमीटर डोळे मिटून. यांनी ते काट्यावरच्या सगळ्या जुन्या मंडळींना छाती फुगवून ऐकवलं. निघाल्यापासून अ‍ॅव्हरेज पडतंय सात. पहिल्या दिवशी सात, नवव्या दिवशीही सात. यांचा चेहरा पार उतरलाय. निघतानाच माणशी पंचवीस किलो सामानाचा नियम होता, आता माझ्या उशीकडेही संशयाने बघतात.

आणि इथेच माझी गोची आहे. दादा, मशीन माझ्याबरोबर आहे. माझ्या शिलाईच्या दुकानातलं मोठं, मोटरवालं. या वर्षभराच्या भटकंतीसाठी दुकान बंद ठेवायला मी तयार झाले, पण अठ्ठावीस वर्षं ज्याच्यासमोर बसले ते मागे टाकून नुसते खिडकीतून डोंगर बघायचे, हे मला सहन होईना. यांना सांगितलं, देऊन टाकलं कोणाला तरी. प्रत्यक्षात सुतार पलंगाखालची पेटी बसवायला आला तेव्हा त्याला विश्वासात घेतलं, मशीन पेटीच्या तळाशी ठेवलं आणि वरून फळी ठोकून घेतली. चांगलं चाळीस किलो आहे. मी रोज त्याच्यावर झोपते. अजून एक टाका घातलेला नाही, पण ते खाली आहे एवढ्यानेच मला धीर वाटतो.

हे तुला सल्ला मागणारं पत्र लिहिणार आहेत. डेपोचा फोरमन म्हणून तुझा शब्द यांना शेवटचा. तू जर लिहिलंस की सगळी गाडी उसकटून बघा, तर हे उसकटतील आणि मशीन पहिल्या भंगारवाल्याकडे जाईल. तेव्हा सांभाळून लिही. मला वेगळी चिठ्ठी पाठवलीस तरी चालेल, पोस्टात मीच उतरते. हे गाडी सोडून हलत नाहीत. एकदा लावली की पुन्हा काढायची कटकट, म्हणतात. पुढच्या गावच्या पोस्टाचा पत्ता पाकिटामागे आहे.

तुझी,
चिंगी


७ फेब्रुवारी

आदरणीय दादांच्या सेवेशी,

विषय : लिटरला सात.

वरील विषयाबाबत आपले मार्गदर्शन हवे आहे. वाहन तीन टनांच्या वर भरते. आतील प्रत्येक वस्तूचे वजन मी वहीत नोंदवले आहे, चहाच्या गाळणीपर्यंत. वेग ताशी पंचावन्नच्या पुढे एकदाही नेलेला नाही. पंखा लावत नाही. माणसे दोन, पैकी एक (मी) वाहन चालवतो व दुसरी खिडकीतून बघते. तरीही सात.

आपल्या डेपोचा अ‍ॅव्हरेजमध्ये सलग अकरा वर्षे पहिला नंबर होता, हे आपण प्रत्येक लग्नात पंगतीला बसल्यावर सांगता. त्यामुळे आपल्याखेरीज कोणाला विचारावे सुचत नाही. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना मी दहा सांगून बसलो आहे.

आपला,
काट्यावरचा

ता. क. सौ. हल्ली कमी बोलते. बसल्या बसल्या टेबलक्लॉथची कड बोटांनी दुमडत राहते. याचा डिझेलशी संबंध नसावा, परंतु आपल्या कानावर घातले.


१५ फेब्रुवारी

जावईबापू आणि चिंगी,

दोघांना आशीर्वाद. जावईबापूंना थोडा जास्त, त्यांना सध्या गरज आहे.

योग्य माणसाला विचारलंत. आमच्या डेपोत माझ्या हाताखाली चौऱ्याऐंशी बसगाड्या होत्या आणि एकीचीही माझ्यासमोर सातचा आकडा दाखवायची हिंमत झाली नाही. आता नीट वाचा. टायरमधली हवा सकाळी गाडी थंड असताना तपासायची. मऊ टायर म्हणजे चिखलातून चालणं. टपावर काही बांधलं असेल तर खाली घ्या, तिथे वारा अडतो. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून गप्पा मारू नका. समोर लांबवर बघून चालवा म्हणजे ब्रेक कमी लागतो. दर ब्रेकमध्ये थोडं डिझेल फुकट जातं. पाण्याची टाकी मुक्कामाला पोचल्यावर भरा, वाटेत कशाला शंभर लिटर पाणी फिरवून आणायचं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वजन. वजन डिझेलचा वैरी आहे. घरातली एकेक वस्तू हातात घ्या आणि तिला विचारा, बाई, तू डिझेल पिण्याच्या लायकीची आहेस का? ती गप्प बसली तर बाहेर काढा.

दादा


(वेगळ्या पाकिटात)

चिंगे, तुझं पत्र वाचून मी फाडून टाकलं. वहिनीने तुकडे जोडून वाचलं. ती म्हणते, शाबास. मी तुझ्या बाजूचा आहे, पण फोरमनच्या हातून वजनाला सूट गेली असं होता कामा नये. म्हणून त्यांना लिहायचं ते लिहिलं. तुझं तू बघ. शेवटी चाळीस किलो म्हणजे चाळीस किलो.


४ मार्च
घरगाडी, जे काय उरलंय त्यातून

दादा,

तुझं पत्र यांनी तीनदा वाचलं, मग आरशाला डकवलं. नंतर आरसाच काढला, कारण तो सव्वादोन किलोचा होता.

तू लिहिलंस की वस्तूंना विचारा. हे खरंच विचारतात. परवा खुर्ची समोर ठेवून उभे होते. खुर्ची गप्प बसली, गेली. कपाटातले हँगर गेले. सहा चमचे होते, दोन राहिले. माझ्या कंगव्याचे मधले दात राहिलेत, कारण दोन्ही टोकं यांच्या मते कोणी वापरत नाही. टूथब्रशचे दांडे अर्धे कापले, आता दात घासताना बोटं घशात जातात. पाण्याची टाकी कोरडी ठेवतात, त्यामुळे वाटेत तहान लागली की पेट्रोल पंपावर दोघं ओंजळीने पितो आणि पंपावरची पोरं आमच्याकडे दयेने बघतात. स्वतःचे केस पार बारीक कापून आले. मी विचारलं, केसांचं किती वजन भरलं? ऐंशी ग्रॅम, म्हणाले. नोंद आहे.

हसू नकोस. कारण पुढचं ऐक. यांनी दुपारचं जेवण सोडलं. म्हणाले, गाडीतली सगळ्यात जड वस्तू मीच आहे, सुरुवात माझ्यापासून. आणि निवृत्तीच्या वेळी काट्यावरच्या लोकांनी दिलेलं पितळी तबक, ज्याला हे दर रविवारी पुसायचे, ते मुक्कामाला थांबलो होतो त्या कॅम्पच्या ऑफिसात ठेवून आले. परत येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मी पलंगावर होते. माझ्या खाली चाळीस किलो होतं. दादा, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे कॅम्पच्या न्हाणीघरात आंघोळीला गेले होते. कॅम्पवर कपडे धुणाऱ्या बाई आहेत, दांडग्या, मनाने चांगल्या. त्यांना बोलावलं, फळी उचकटली, मशीन त्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं. परत येईन तेव्हा नेईन म्हटलं, पण कधी ते मला तरी कुठे माहीत आहे. त्यांनी विचारलं, चालतं का हो? मी हो म्हटलं आणि वळून बघितलं नाही.

आता सगळं हलकं आहे आणि मला काही म्हणजे काही सुचत नाही. डोंगर बघते. फार सुंदर आहेत, असं हे म्हणतात. मला ते कापडाचे ढीग दिसतात आणि हात शिवशिवतात. पुढे लेकीचं गाव लागेल तेव्हा तिच्याकडे उतरून तिथूनच घरी परत जावं, असं रोज मनात येतं. यांना अजून बोलले नाही.

आणि गंमत म्हणजे अ‍ॅव्हरेज सातच. गाडी तशीच दिवसभर मिक्सरसारखी किंचाळत असते. हे म्हणतात, मोठ्या इंजिनाचा आवाज असाच.

चिंगी


११ मार्च

आदरणीय दादांच्या सेवेशी,

विषय : अत्यंत गंभीर.

आपल्या पत्रानुसार दोनशे सहा किलो वजन कमी केले. परवा वाटेत एक वजनकाटा लागला, म्हणून गाडी चढवली. एकूण आकड्यातून वहीतले सामान वजा केले की रिकाम्या गाडीचे वजन उरायला हवे. निघण्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः माझ्या जुन्या काट्यावर गाडी रिकामी मोजली होती. ३१६० किलो. परवा उरले ३१२०.

वजाबाकी पाच वेळा केली. मग सगळे सामान काट्याशेजारी रस्त्यावर काढले. गाद्या, भांडी, दोन चमचे, व त्यावर लक्ष ठेवायला सौ. मागे अकरा ट्रक थांबले होते व ते शांत नव्हते. गाडी पूर्ण रिकामी करून पुन्हा चढवली. ३१२०. तेथील काटेवाल्याला मी काटा चुकीचा असल्याचे सांगितले. त्याने मला मी चुकीचा असल्याचे सांगितले. पुढच्या गावी दुसरा काटा, तिथेही ३१२०.

दादा, एकतीस वर्षांत भरलेली गाडी कमी भरलेली मी पाहिली आहे, ओली वाळू वाळून हलकी झालेली पाहिली आहे. पण रिकामी गाडी रिकाम्यापेक्षा हलकी झालेली पाहिली नाही. काहीतरी गळून पडले आहे. मी गाडीखाली झोपून टॉर्चने प्रत्येक नट पाहिला. आपण फोरमन आहात. कृपया सांगावे, असा कोणता भाग असतो जो चाळीस किलोचा आहे आणि ज्याच्यावाचून गाडी चालत राहते?

हे मी सौ.ला विचारले. ती डोळे पुसत होती. रस्त्यात बसवल्यामुळे असावे.

आता लिहायलाच बसलो आहे तर एक खासगी. गाडीला गिअर पाच आहेत. मी तिसऱ्याच्या पुढे जात नाही. पहिल्या दिवशी चौथा टाकला होता तेव्हा मागची सगळी कपाटे एकदम वाजली आणि अख्खे घर पाठीवर धावून येते आहे असे वाटले. तेव्हापासून हात थरथरतो. मी आयुष्यभर एका जागी बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजल्या. चालवायचे अंगात नाही हे मला साठाव्या वर्षी कळले, आणि ते सौ.ला कसे सांगायचे, तिला मी दुकान बंद करायला लावून आणले आहे. कृपया हे कोणाला बोलू नये.

आपला,
काट्यावरचा


१७ मार्च

जावईबापू, चिंगी,

हे पत्र एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. गाडी बंद करून.

गेले सहा आठवडे तुम्ही दोघं मला एकमेकांपासून लपवून लिहिताय. माझ्या टेबलाच्या एका खणात चिंगीची पत्रं, दुसऱ्यात जावईबापूंची, आणि मध्ये मी दोन्ही खणांना कुलूप लावून बसलोय, कारण वहिनी दोन्हीकडचं वाचते आणि जेवताना मला टोमणे मारते. मी फोरमन होतो. गुपितं सांभाळायचं खातं माझ्याकडे कधीच नव्हतं. जावईबापू, चाळीस किलो कुठे गेले ते चिंगीला विचारा. चिंगे, गाडी का किंचाळते ते जावईबापूंना विचार. तिसऱ्या गिअरमध्ये पंचावन्नने चालवलं तर विमानाचंही अ‍ॅव्हरेज सात पडेल. बघा, सांगून टाकलं. गुपितं फोडली म्हणून मला रागवायचं असेल तर दोघांनी मिळून रागवा.

आता माझं. चाळीस किलोने तीन टनांच्या गाडीला काडीचा फरक पडत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चिंगीला तसं लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मोठेपणा गेला असता. तिचं मशीन माझ्या आखडूपणामुळे गेलं. त्याचं मला फार वाईट वाटतंय.

आणि अकरा वर्षं पहिला नंबर. आमचा डेपो डोंगरावर होता. आमच्या गाड्या इथे डिझेल भरून उताराने खाली जायच्या. वर यायला लागणारं डिझेल खालच्या डेपोत भरलं जायचं आणि त्यांच्या नावावर लागायचं. त्यांचा अकरा वर्षं शेवटचा नंबर यायचा. त्यांचा फोरमन फार चांगला माणूस होता.

दादा


३ एप्रिल

दादा,

पत्र यांनी मोठ्याने वाचलं. काट्यावर पावती वाचतात तसं, एका सुरात. "चाळीस किलो कुठे गेले ते चिंगीला विचारा" इथे आल्यावर थांबले, चष्मा पुसला आणि खरंच विचारलं, "कुठे गेले?"

मी सगळं सांगितलं. सुतार, फळी, धुणाऱ्या बाई. यांनी वही काढली. मला वाटलं, आता माझ्या नावावर चाळीस किलो चढणार.

"रिकामी गाडी मोजली त्या दिवशी ते आत होतं?"

"होतं."

"फळी ठोकलेली होती?"

"होती."

"मग ते सामान नाही," हे म्हणाले. "रिकाम्या गाडीत जे मोजलं गेलं ते गाडीत धरायचं. काट्यावरचा नियम आहे. ते उतरवायचा तुला अधिकारच नव्हता."

मी म्हटलं, "आणि त्या दिवशी ते आत नसतं तर?"

हे थोडा विचार करून म्हणाले, "तर आणून ठेवून पुन्हा मोजली असती."

दादा, मी हुंदके देऊन रडले. या माणसाने चौतीस वर्षांत मला 'राहू दे गं' असं सरळ एकदाही म्हटलेलं नाही. पण माझ्यासाठी नियम शोधून काढला.

मग मी विचारलं, गाडी का किंचाळते? तर कानाच्या पाळ्या लाल. हात थरथरतो म्हणाले. दुकानाची डिलिव्हरीची व्हॅन दहा वर्षं मीच चालवत होते, हे यांनाही माहीत आहे. पण मला वाटायचं, यांना चालवायची हौस आहे. यांना वाटायचं, मला चालवायचा कंटाळा आहे. मी म्हटलं, सरका. एवढे चटकन सरकले की किल्ली खाली पडली.

मशीन आणायला दोनशे बारा किलोमीटर मागे गेलो. पहिल्यांदा चौथा टाकला तेव्हा यांनी डोळे मिटून घेतले, पाचव्याला उघडले, कारण आवाजच बंद झाला होता. मला म्हणाले, इंजिन बंद पडलं की काय? मला काही अवघड गेलं नाही. अठ्ठावीस वर्षं मशीनच्या पायपट्टीवर पाय आहे. झुळझुळीत कापडावर टाका घालताना किती दाबायचं आणि कुठे सोडायचं, ते डोक्याला विचारावं लागत नाही, पायाला कळतं. डिझेलची पट्टी त्याहून सोपी आहे. पोचल्यावर टाकी भरून यांनी हिशेब केला, पुन्हा केला, मग उतरून पंपावरच्या पोराला करायला लावला. लिटरला नऊ पूर्णांक सहा.

धुणाऱ्या बाई मशीन द्यायला कुरकुरल्या. त्यांनी उशांचे चाळीसेक अभ्रे शिवले होते आणि सगळे वाकडे होते. मी दोन तास बसून नीट बसवून दिले, तेव्हा कुठे सोडलं. निघताना ऑफिसातून यांचं तबकही घेतलं. हे म्हणत होते, त्याला नियम लागू होत नाही. मी म्हटलं, गाडी आता मी चालवते.

मशीन पेटीत परत ठेवलं नाही. जेवणाच्या टेबलावर यांनी चार बोल्ट मारून ते पक्कं केलं. जेवण आम्ही मांडीवर घेऊन जेवतो. दुपारी मुक्कामाला पोचलो की मी तंबूंच्या चेन आणि फाटके पडदे दुरुस्त करते. कालच्या कॅम्पवर सात जण रांगेत होते आणि हे प्रत्येकाच्या तंबूचं वजन विचारत उभे होते. लेकीकडे उतरून घरी परतायचं मनात होतं तेही यांना सांगितलं. यांनी फक्त विचारलं, "अजून आहे?" मी नाही म्हटलं. खरंच नाही.

परवा हे रंगाचा डबा घेऊन आले. ट्रकच्या दारावर वजन लिहिलेलं असतं ना, तसं आपल्याही दारावर हवं म्हणाले. सकाळभर जमिनीवर बसून लिहीत होते, हाताला थरथर नव्हती. 'रिकामं वजन ३१६० किलो, शिलाई मशीन धरून.' शेजारच्या गाडीवाल्याने वाचून विचारलं, असं कुठे लिहितात का हो? हे ब्रश पुसत म्हणाले, आमच्याकडे लिहितात.

तुझी,
चिंगी